टर्कीचं जेवण गुरुवारच्या आधीच शिजतं

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं, भाजलेल्या टर्की पक्ष्याचं जेवण सोपं करायचं असेल तर ते गुरुवारी करायला घ्यायचं नाही, आदल्या शनिवारी घ्यायचं. यंदा पहिल्यांदा ते सगळं माझ्या स्वयंपाकघरात झालं आणि दुपारी तीनला सगळे टेबलाशी बसले तेव्हा मी दमलेली नव्हते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी या जेवणाला बिचकतात आणि शेवटी हॉटेलातून तयार डबे आणतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मिनेसोटात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला राहतो. अमेरिकेत सगळ्यात जास्त टर्की पाळल्या जातात त्या याच राज्यात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आम्ही शेजारच्या आजींकडे जेवायला जात आलो. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना फार वेळ उभं राहता येत नव्हतं. त्या संकोचून म्हणाल्या की या वेळी नाही जमणार. मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे या, खुर्चीत बसा आणि चुकलं तर सांगा. माझी आई तेव्हा वेंगुर्ल्याहून आलेली होती. ती आयुष्यभर गावठी कोंबडे स्वतः साफ करत आलेली, त्यामुळे पक्षी मोठा असला तरी तिचे हात सोबत आहेत हा मला धीर होता.

बाजारातली पहिली गोष्ट आकाराची. दुकानात वीस पौंडांचे गोळे मांडलेले असतात आणि त्या आठवड्यात ते स्वस्तही असतात. पण हाडासकट पक्षी माणशी सव्वा ते दीड पौंड पुरतो. आम्ही आठ जण होतो, त्यातली एक मैत्रीण शाकाहारी. बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची टर्की भरपूर झाली. मोठी आणली असती तर ती आमच्या ट्रेमध्येही मावली नसती.

वेष्टनावरची बारीक अक्षरं मात्र जरूर वाचायची. पुष्कळ टर्कींना कारखान्यातच मिठाचं द्रावण टोचलेलं असतं आणि ते किती टक्के आहे हे छापलेलं असतं. तसली घेतली तर वरून आणखी मीठ लावायचं नाही, खारट होते. मला स्वतः मीठ लावायचं होतं म्हणून मी फक्त टर्की, बाकी काही नाही, असं लिहिलेली शोधून घेतली.

गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना पूर्ण एक दिवस लागतो. शनिवारी ठेवली, बारा पौंडांना तीन दिवस झाले. खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवायची, कारण पाणी गळतं आणि ते इतर खाण्यावर पडता कामा नये. आई म्हणाली, ओट्यावर ठेव, रात्रीत सुटेल. वेंगुर्ल्यात मासळी बाजारातून आली की दुपारच्या जेवणात, त्यामुळे गोठलेलं मांस तिच्या सवयीत नाही. तिला समजावून सांगितलं की एवढा मोठा गोळा आत बर्फ असतानाच बाहेरून कोमट होतो, आणि ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मध्ये, म्हणजे साधारण ४ ते ६० अंश सेल्सियसमध्ये, जंतू झपाट्याने वाढतात. घाईच असेल तर बंद पिशवीतली टर्की थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. पौंडाला अर्धा तास धरला तर बारा पौंडांना सहा तास त्या बादलीशी बांधून घ्यावं लागतं. फ्रिज आपलं काम न बोलता करतो.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही ती ओट्यावर घेतली. पोटातून मान निघाली आणि कागदी पुडीत पोटा-कलेजी. ही पुडी काढायचं ध्यानात ठेवावं लागतं, कधी ती मानेकडच्या बाजूला कोंबलेली असते. आईने हळद आणि मीठ मागितलं, कोंबडी धुवायची आपली रीत म्हणून. इथे सरकारी कृषिखातं सांगतं की कच्ची टर्की धुऊ नका, नळाखाली धरली की शिंतोडे बेसिनभर, ओटाभर उडतात आणि जंतू पसरतात. ते मारायचं काम ओव्हनची उष्णता करते. "गो, न धुताच शिजवतलंस?" आईचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण दुसरं कारण सांगितल्यावर ती तयार झाली: कातडी कुरकुरीत व्हायला ती कोरडीठाक लागते. मग तिनेच पेपर टॉवेल घेऊन टर्की आतून-बाहेरून इतकी टिपली की मला पुन्हा हात लावावा लागला नाही.

आता या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. चित्रांत दिसते तशी अख्खी, फुगलेली टर्की भाजायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. टर्कीत दोन वेगळी मांसं असतात. छातीचं मांस पांढरं, चरबी कमी. ते १६५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७४ सेल्सियसला तयार होतं आणि त्यापुढे गेलं की भुशासारखं कोरडं पडू लागतं. मांडी आणि तंगडीचं मांस काळसर, त्यात चिवट पडदे आणि शिरा. तेही १६५ ला खायला सुरक्षित होतं, पण मऊ व्हायला त्याला १७५ ते १८० लागतात, कारण तेव्हाच ते चिवट धागे विरघळतात. आपल्या रश्श्यात हा प्रश्न येत नाही. तिथे सगळे तुकडे रटरटत्या पाण्यात असतात आणि मसाल्याचा रस कोरडेपणा झाकून टाकतो. ओव्हनमध्ये अख्खा पक्षी ठेवला की छाती वर, उघडी, आणि मांड्या खाली, अंगाला चिकटलेल्या. मांड्या होईपर्यंत छाती संपते. "टर्की म्हणजे नुसता चोथा" ही आपल्याकडच्या लोकांची तक्रार इथून येते.

उपाय म्हणजे कणा काढून पक्षी पुस्तकासारखा उघडायचा. कोंबडी कापायची मोठी कात्री घेऊन शेपटीकडून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत जायचं. मांडीच्या सांध्यापाशी जोर लागतो, तिथे कात्रीचं टोक थोडं बाहेरच्या बाजूला वळवलं की हाडांतून वाट मिळते. मग टर्की उलटून, छाती वर घेऊन, छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळवे ठेवून दाबायचं. मी दाबलं, काही झालं नाही. आईने मला बाजूला केलं. "हाड मोडल्याशिवाय कोंबडो सपाट होवचो नाय," म्हणाली आणि अंगाचा भार टाकला. कडाड असा आवाज आला आणि टर्की सपाट झाली. छाती मधोमध, दोन्ही मांड्या कडेला, उष्णतेला पूर्ण उघड्या. शिवाय तीन तासांचं भाजणं दीड तासावर आलं.

मग मीठ. मासे खारवून सुकवताना मीठ पाणी काढून घेतं आणि आपण ते वाहू देतो. इथे मीठ माफक असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत सुटलेल्या पाण्यात ते विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू मांसात परत मुरतं. मांसातली प्रथिनं मिठाने सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. पौंडाला अर्धा लहान चमचा जाड कोशर मीठ, म्हणजे बारा पौंडांना सहा लहान चमचे. घरातलं बारीक मीठ त्याच चमच्याने मोजलं तर वजनाने बरंच जास्त पडतं, तेव्हा ते कमी घ्यायचं. छाती आणि मांडीवर बोटांनी कातडी अलगद सुटी करून निम्मं मीठ आत, थेट मांसाला लावलं, उरलेलं वरून आणि हाडांच्या बाजूने. सोबत मिरपूड आणि चिरलेली सेजची पानं. झाकण न घालता ट्रे फ्रिजमध्ये, गुरुवारपर्यंत. उघडी ठेवायची ती कातडी सुकावी म्हणून, पण मग शेजारी कापलेलं फळ किंवा उघडं दही ठेवायचं नाही.

कणा, मान आणि पोटा कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र घालून मंद आचेवर तीन तास उकळले. हा झाला स्टॉक, गुरुवारच्या ग्रेव्हीचा पाया तो. कलेजी स्टॉकमध्ये घालायची नाही, कडवटपणा येतो. ती आईने कांद्यावर परतून, मालवणी मसाला घालून त्याच रात्री भाकरीबरोबर वाढली.

बाकीच्या पदार्थांपैकी क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस इतका सोपा आहे की डबाबंद का आणतात कळत नाही. बारा औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. दहा मिनिटांत फळं फटाफट फुटतात आणि त्यांच्यातल्याच पेक्टिनने गार झाल्यावर सॉस घट्ट बसतो. मी संत्र्याची किसलेली साल आणि चिमूटभर सुंठ घातली. तोही मंगळवारीच करून ठेवला.

टर्कीच्या पोटात भरतात त्या पावाच्या स्टफिंगऐवजी मी वाइल्ड राइस केला. हे या भूमीचं धान्य, मिनेसोटाचं अधिकृत राज्यधान्य. खरं तर तो तांदूळ नव्हे, उथळ तळ्यांत उगवणाऱ्या गवताचं बी. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक अजूनही लहान होडीतून जातात, एका काठीने लोंब्या होडीवर वाकवतात आणि दुसरीने हलके झोडपतात. पिकलेले दाणे होडीत पडतात, उरलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. थँक्सगिव्हिंगची गोष्ट सांगताना १६२१ साली प्लिमथच्या इंग्रज वसाहतीत झालेलं जेवण सांगतात, पण त्या टेबलाशी बसलेल्या तिथल्या मूळ वाम्पानोआग लोकांच्या जमिनी पुढे कशा गेल्या ते फार कमी सांगितलं जातं. या दिवशी ताटात मूळ लोकांनी राखलेलं एक धान्य असावं असं मला मनापासून वाटत होतं. तळ्यातला हाताने झोडपलेला दाणा तपकिरी असतो आणि अर्ध्या तासाच्या आत शिजतो. शेतात लावलेला काळा कुळकुळीत असतो आणि त्याला पाऊण तास ते तास लागतो. मी तळ्यातला आणला, भाज्यांच्या स्टॉकमध्ये शिजवला आणि लोण्यावर कांदा, मश्रूम, सेलरी परतून त्यात मिसळला. शाकाहारी मैत्रिणीचं मुख्य जेवण तेच होतं, सोबत भाजलेला भोपळा. हे बुधवारी झालं. गोडासाठी हनीक्रिस्प सफरचंदं दालचिनीत घोळवून, वर ओट्स, ब्राउन शुगर आणि लोण्याचा चुरा पसरून भाजली. ही जात मिनेसोटा विद्यापीठाने तयार करून १९९१ साली बाजारात आणली. भाजल्यावरही तिच्या फोडी मेणासारख्या बसत नाहीत.

फरसबीचा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ, आजींनी सांगितल्याप्रमाणे केला. त्यात मला मसाला घालायची इच्छा होती, त्यांनी हात धरून थांबवलं. १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली यांनी हा पदार्थ बसवला: उकडलेली फरसबी, मश्रूम सूपचा डबा, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. आजींच्या आईने केला, आजींनी केला. त्या ताटात त्यांची चव त्यांना हवी होती, आणि ते बरोबरच होतं.

गुरुवारी सकाळी माझ्याकडे फार काम उरलेलं नव्हतं. बटाटे सोलले. बाराला टर्की फ्रिजमधून काढली, ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २२० सेल्सियसला लावला. मोठ्या ट्रेमध्ये कांदा, गाजर, सेलरीचे तुकडे आणि कपभर पाणी घातलं, वर जाळी, जाळीवर उघडलेली टर्की. पाणी नसेल तर गळणारी चरबी जळते आणि धुराचा अलार्म वाजायला लागतो. पंखांची टोकं छातीखाली दुमडली. कातडीला लोण्याऐवजी साजूक तूप चोळलं. लोण्यात पाणी असतं, शिवाय त्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेवर करपतो. कढवलेल्या तुपात दोन्ही नाहीत. ही माझी स्वतःची भर आणि पुढेही मी तूपच लावणार आहे.

पाऊण वाजता ती आत गेली. मध्ये दार उघडून वरून रस घालत बसायचं नाही. त्याने ओव्हनची आच जाते आणि सुकवलेली कातडी पुन्हा ओली होते. साठ मिनिटांनी पहिल्यांदा थर्मामीटर खुपसला. या कामात आपली अंदाजाची सवय बाजूला ठेवावी लागते. रश्श्यातला तुकडा दाबून कळतो, टर्की बाहेरून बघून कळत नाही. थर्मामीटर छातीच्या सगळ्यात जाड भागात आडवा घालायचा, टोक हाडाला लागू द्यायचं नाही, हाड तापलेलं असलं की आकडा खोटा येतो. मांडीत वेगळा बघायचा. काही टर्कींना शिजल्यावर वर उडणारी प्लॅस्टिकची खुंटी लावलेली येते. ती छातीतल्या एकाच ठिकाणची आच सांगते, मांडीबद्दल काही सांगत नाही. पहिल्यांदा छाती १४२, मांडी १५५. वीस मिनिटांनी छाती १५८, मांडी १७१. आणखी दहा मिनिटांनी छाती १६५ आणि मांडी १७८. काढली.

कातडी गडद सोनेरी होती आणि चमच्याने टोकरलं तर टकटक वाजत होती. आईला मांडीच्या हाडाजवळ गुलाबी छटा दिसली आणि ती म्हणाली, कच्ची आहे. लहान वयाच्या पक्ष्यात पूर्ण शिजल्यावरही हाडाजवळ गुलाबी राहू शकतं, म्हणून रंगावर जायचं नाही. मी तिच्यासमोर तिथेच पुन्हा थर्मामीटर लावला आणि आकडा तिला वाचायला दिला.

टर्की अर्धा तास तशीच ठेवली, घट्ट झाकली नाही, वाफेने कातडी मऊ पडते. हा अर्धा तास म्हणजे यजमानाला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत. मांस थोडं निवतं, रस दाटतो आणि सुरी लावल्यावर वाहून जात नाही. शिवाय ओव्हन मोकळा होतो. आच ३५० वर आणून कॅसरोल आत टाकला, खालच्या कप्प्यात वाइल्ड राइस गरम होत राहिला, शेगडीवर बटाटे कुस्करले. एका ओव्हनमध्ये सगळं कसं बसवायचं ही जी धास्ती असते, ती या अर्ध्या तासाने संपते.

ग्रेव्हीही तेव्हाच. ट्रेमधला रस गाळून वर आलेली चरबी काढली. चार टेबलस्पून चरबीत तेवढाच मैदा खमंग वास येईपर्यंत परतला, मग गरम स्टॉक थोडा थोडा घालत तीन कप, सतत ढवळत. ट्रेमधला रस मिठाचा असतो, तो शेवटी चव बघत घालायचा. वरून मीठ लागलंच नाही. शाकाहारी मैत्रिणीसाठी छोट्या पातेल्यात लोणी, मैदा आणि मश्रूमच्या स्टॉकची वेगळी केली, चमचाही वेगळा.

कापायचं काम आजींनी बसल्या बसल्या केलं. आधी मांड्या सांध्यातून सोडवल्या, मग छातीच्या हाडालगत सुरी सरकवत एका बाजूचं अख्खं मांस उचललं आणि ते पाटावर ठेवून आडव्या चकत्या पाडल्या, प्रत्येक चकतीला कातडीची किनार. हाडावर असतानाच उभे काप काढत गेलं की धागे लांब राहतात आणि दाताखाली चिवट लागतात. आडवं कापलं की तेच मांस मऊ वाटतं.

छातीचा तुकडा ओलसर होता. आईने ग्रेव्ही घ्यायच्या आधी नुसता खाल्ला आणि काही न बोलता दुसरा घेतला. आजींनी तिला विचारलं, तुमच्याकडे टर्की असते का? तेव्हा मी मोगल दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेलं टर्कीचं चित्र मोबाइलवर शोधून दोघींना दाखवलं. हा पक्षी मूळचा मेक्सिकोतला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, पुढे तो पोर्तुगीजांच्या गोव्यात पोचला. १६१२ साली मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ प्राणी आणले त्यात एक टर्की होती. तिच्या डोक्या-मानेचे बदलणारे रंग पाहून बादशहा थक्क झाला, तसं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आणि मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. वेंगुर्ल्यापासून गोवा हाकेच्या अंतरावर, तेव्हा हा पक्षी चारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारून गेला म्हणायचा, असं आई म्हणाली. आजींनी तो फोटो मागून घेतला.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकलं. तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर फ्रीझरमध्ये. शुक्रवारी आईने मांडीच्या मांसाचं भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात सुकं केलं. काळ्या मांसाला ते वाटण सुरेख धरतं. छातीच्या मांसाचं करू नये, पुन्हा शिजवलं की ते तंतू तंतू होतं. ते सँडविचमध्ये क्रॅनबेरी सॉसबरोबर गारच खावं, नाहीतर वाइल्ड राइसच्या सूपमध्ये गॅस बंद केल्यावर घालावं. हाडांचा पुन्हा स्टॉक झाला, त्यातले दोन डबे आजींकडे गेले. त्यांनी पक्षी उघडायची रीत कागदावर लिहून मागितली आहे, डलूथला राहणाऱ्या त्यांच्या मुलासाठी. कणा कापताना कात्री कुठे वळवायची ते मी चित्र काढून दिलं आणि थर्मामीटरचे दोन्ही आकडे लाल शाईत लिहिले.